कॉपियर दुरुस्तीचं ऑनलाइन सर्टिफिकेट: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कॉपियर बनवणाऱ्या कंपन्या आता आपलं बरंचसं प्रशिक्षण ऑनलाइन देतात, शेवटी परीक्षा घेतात आणि सर्टिफिकेट देतात. इंदूरमध्ये झेरॉक्स मशीनची दुरुस्ती बहुतेकांनी उस्तादाच्या हाताखाली शिकलेली असल्यामुळे या सर्टिफिकेटाचा उपयोग किती, याबद्दल वाचकांनी बरंच विचारलं आहे. त्यातले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक केलं आणि आता एका डीलरकडे फील्डवर काम करतो. ऑनलाइन कोर्स पूर्ण झाल्याशिवाय वर्गातल्या प्रशिक्षणाला पाठवणार नाही, असं साहेब म्हणतात. जुने सहकारी म्हणतात, पुढे-पुढे क्लिक करत जा, परीक्षेची उत्तरं आम्ही सांगतो. त्यात खरंच शिकण्यासारखं काही असतं का?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

असतं. आणि जे असतं ते फील्डवर नुसते हात काळे करून सहसा कळत नाही, म्हणून ते क्लिक करून उडवू नका.

मशीन उघडल्यावर आपल्याला भाग दिसतात, भागांच्या कामाचा क्रम दिसत नाही. कोर्सचा सुरुवातीचा भाग या क्रमावर असतो आणि मुलं नेमका तोच सोडून देतात. बहुतेक मशीनांत चार्जिंग रोलर ड्रमवर (ज्याच्यावर प्रतिमा उमटते त्या नळकांड्यावर) ऋण विद्युतभार देतो. लेसर जिथे पडतो तिथला भार उतरतो. डेव्हलपर युनिटमधला टोनर (शाईची पूड) त्या जागी चिकटतो, ट्रान्सफर रोलर उलट्या भाराने तो कागदावर ओढतो, फ्यूजर उष्णतेने आणि दाबाने पक्का करतो, आणि ड्रमवर उरलेला टोनर ब्लेड खरवडून काढतं. चेस्टर कार्लसनने १९३८ साली पहिली प्रत काढली तेव्हापासून मूळ तत्त्व हेच आहे. रंगीत मशीनमध्ये तेच चार रंगांसाठी चार वेळा घडतं, एवढाच फरक.

हा क्रम डोक्यात पक्का असला की फिकी कॉपी आल्यावर तुम्ही ड्रम, टोनर, डेव्हलपर असं एकेक बदलून बघत बसणार नाही. कॉपी निघत असताना कागद ट्रान्सफरपाशी अर्धा पोचला की पुढचं झाकण उघडून मशीन थांबवा आणि ड्रम काढून पाहा. ड्रमवर अक्षर ठसठशीत आहे पण कागदावर फिकं उतरलंय, तर दोष ट्रान्सफर रोलरचा, हाय व्होल्टेजचा किंवा दमट कागदाचा. ड्रमवरच अक्षर फिकं असेल तर मागे जा: डेव्हलपर, चार्जिंग, लेसर. कागदावर फ्यूजरआधी सगळं ठीक आणि फ्यूजरनंतर अक्षर पुसतंय किंवा पुढे सावली उमटतेय, तर फ्यूजर. पाच मिनिटांत निम्मं मशीन संशयातून बाहेर पडतं.

त्याच्याही आधीची एक पायरी आहे. मशीनच्या आतून निघणारा टेस्ट पेज किंवा रिपोर्ट काढा. तो स्वच्छ आला आणि कॉपीवर रेघ आली तर दोष स्कॅनरकडे आहे, ड्रमला हात लावायचं कारण नाही. एडीएफमधून (कागद आपोआप ओढणाऱ्या वरच्या भागातून) काढलेल्या कॉपीवर काळी रेघ येते आणि तोच कागद काचेवर ठेवला की येत नाही, तर एडीएफच्या बाजूची अरुंद काचेची पट्टी पुसा. व्हाइटनरचा एक कण तिथे पुरतो. उलट, प्रिंटवरही उभी पांढरी रेघ येत असेल तर लेसरच्या काचेवर धूळ आहे. माळव्यातली उन्हाळ्याची बारीक धूळ या काचेवर फार लवकर बसते.

ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा उमटणाऱ्या डागाचंही असंच. डागांमधलं अंतर पट्टीने मोजा. ते कुठल्या तरी रोलरच्या परिघाएवढं असणार, आणि परिघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४. व्यास ३० मिलिमीटर असलेल्या ड्रमचा डाग सुमारे ९४ मिलिमीटरवर येतो, १२ मिलिमीटरच्या चार्जिंग रोलरचा सुमारे ३८ वर, ४० मिलिमीटरच्या हीट रोलरचा (फ्यूजरमधला तापणारा रोलर) सुमारे १२६ वर. प्रत्येक मॉडेलचा तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. तो छापून बॅगेत ठेवा.

काही गोष्टी तर पाहून कळूच शकत नाहीत. डेव्हलपर (टोनर ड्रमपर्यंत वाहून नेणारी पूड) बदलला की टोनर सेन्सरला नव्या डेव्हलपरची ओळख करून देणारी एक सेटिंग सर्व्हिस मोडमधून चालवावी लागते. ती केली नाही तर मशीन जुन्या आकड्यांवर चालत राहतं. टोनर जास्त पडतो, कागदाची पार्श्वभूमी राखाडी होते, आत टोनर उडतो. मग नव्या डेव्हलपरलाच नकली ठरवून परत केलं जातं. उस्तादाने ती सेटिंग केलेली असते, पण त्याच्या बोटांनी कुठले आकडे दाबले आणि कशासाठी, ते शेजारी उभ्या मुलाला दिसत नाही. कोर्समध्ये ती पायरी कारणासह लिहिलेली असते.

ऑनलाइन काय शिकता येत नाही, तेही मनात स्वच्छ असू द्या. नव्या ब्लेडला आणि ड्रमला पावडर किती लावायची, ड्रम बसवल्यावर तो हाताने योग्य दिशेने फिरवताना ब्लेड उलटतंय हे बोटांना कसं कळतं, फ्यूजरचं बुश झिजल्याचा आवाज कसा येतो, हे पडद्यावर येत नाही. त्यामुळे कोर्स आणि हात यांच्यात महिन्यांचं अंतर पडू देऊ नका. कोर्स झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत त्याच मॉडेलवर, वर्कशॉपमध्ये, एवढं तरी स्वतः करा: फ्यूजर काढून पुन्हा बसवणं, ड्रम आणि ब्लेड बदलणं, डेव्हलपर बदलून त्याची सेटिंग चालवणं, प्रत्येक ट्रेचे पिकअप, फीड आणि सेपरेशन हे तिन्ही रोलर बदलणं, आणि फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) चढवणं. शेवटचं काम यूपीएसवरच करा, कारण मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. त्याआधी ॲड्रेस बुक एक्स्पोर्ट करून ठेवा.

सहकाऱ्यांकडून उत्तरं घेऊ नका. परीक्षेत चुकलेला प्रश्न म्हणजे मॅन्युअलचं कुठलं पान वाचायचं राहिलंय याचा पत्ता असतो. तो फुकट मिळत असताना घालवू नये.

आमच्या मशीनवर फ्यूजरचा एरर आला. कंपनीच्या सर्टिफाइड इंजिनिअरने पार्टची किंमत सांगून मशीन बंद ठेवायला सांगितलं. बाहेरच्या मेकॅनिकने कोड दाबून दोन मिनिटांत चालू करून दिलं. मग सर्टिफिकेटवाल्याला काय येतं?
— एक दुकानदार, भंवरकुआं

कोड त्या इंजिनिअरलाही ठाऊक असतो. तो दाबायचा नाही हे त्याला शिकवलेलं असतं, आणि कारण आगीचं आहे.

फ्यूजर साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसवर चालतो. तापमान ठरल्या वेळेत चढलं नाही, किंवा प्रमाणाबाहेर गेलं, तर मशीन स्वतःला कुलूप लावतं. कोडची नावं कंपनीगणिक वेगळी: कॅनॉनमध्ये ई०००, रिकोमध्ये एससी ५४२, क्योसेरात सी ६०००. इतर बरेच एरर मशीन बंद-चालू केलं की निघून जातात, पण फ्यूजरचा एरर मुद्दामच तसा ठेवलेला नाही. माणसाने येऊन कारण शोधावं, दुरुस्त करावं आणि मगच सर्व्हिस मोडमधून कुलूप काढावं, अशी ती रचना आहे.

कारणं मोजकी असतात. मशीन बंद करा, प्लग काढा, अर्धा तास थंड होऊ द्या आणि फ्यूजर बाहेर घ्या. मल्टिमीटरवर हीटर लॅम्प थंड असताना काही ओहम दाखवतो; काहीच दाखवला नाही तर लॅम्प गेला. थर्मोस्टॅट किंवा थर्मल फ्यूज (जास्त तापल्यावर वीज तोडणारा भाग) जवळपास शून्य ओहम दाखवला पाहिजे. थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) थंड असताना मोठा अवरोध दाखवतो, पुष्कळ मॉडेलांत शेकडो किलोओहम, आणि बोटांच्या उबेने आकडा खाली सरकायला लागतो. तो सरकत नसेल तर थर्मिस्टर बाद. ठीक असेल तरी त्याच्या टोकावर टोनर आणि कागदाची धूळ यांचा थर बसला आहे का ते पाहा. असा थर असला की रोलर तापलेला असूनही थर्मिस्टर थंड सांगतो, आणि मशीन आणखी तापवत जातं. त्यानंतर फ्यूजरचा कनेक्टर बघा: पिन काळी पडली असेल, प्लॅस्टिक वितळलं असेल तर दोष तिथेच आहे. हे सगळं ठीक निघालं तर हीटरला वीज पोचवणारा बोर्ड तपासायचा.

एक कारण मशीनच्या बाहेरचं असतं आणि दुकानांत ते वारंवार सापडतं. १५०० वॅट ओढणारं मशीन २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेतं, म्हणजे ६ अँपिअरच्या मल्टिप्लगची मर्यादा ओलांडून. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा. शिवाय व्होल्टेज २०० वर उतरलं की हीटरची ताकद तीन चतुर्थांश राहते आणि १८० वर साधारण साठ टक्के, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. मग फ्यूजर वेळेत तापत नाही आणि एरर येतो, पार्ट सगळे शाबूत असूनही. उन्हाळ्यात दुपारी एसी चालू असताना एरर येतो आणि सकाळी येत नाही, तर आधी सॉकेटमध्ये मीटर लावून बघा, तेही मशीन तापत असताना. लहान इन्व्हर्टरवर कॉपियर चालवू नका.

आता तुमच्या मशीनबद्दल. एरर कोड दाबून काढला आणि आतलं कारण तसंच राहिलं, तर त्याचा शेवट जळलेल्या हीट रोलरमध्ये किंवा त्याहून वाईट होऊ शकतो. त्या मेकॅनिकला एकच विचारा: थर्मल फ्यूज तपासला का, आणि त्याला तार जोडून बायपास तर केलेला नाही ना? बायपास केलेलं मशीन एक दिवसही चालवू नका. रात्री बंद दुकानात तर मुळीच नाही. पहिल्या इंजिनिअरने पार्टची किंमत सांगताना हे सगळं समजावून सांगायला हवं होतं, एवढी तुमची तक्रार रास्त आहे.

सिल्व्हर मॉलजवळ माझं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान आहे. जुनी, रिकंडिशन केलेली मशीनं दुरुस्त करतो. कंपन्या डीलरशिवाय कुणाला ट्रेनिंगचं लॉगइन देत नाहीत. ओळखीच्या एका डीलरचा मुलगा त्याचं लॉगइन द्यायला तयार आहे. घेऊ का?
— एक वाचक, इंदूर

नका घेऊ. सर्टिफिकेट त्या मुलाच्या नावाने निघेल, तुमच्या हाती काही येणार नाही. लॉगइन डीलरच्या कराराशी बांधलेलं असतं. गैरवापर उघड झाला तर त्या मुलाची नोकरी आणि डीलरचा करार दोन्ही धोक्यात येतील.

तुमची अडचण मात्र खरी आहे. निर्मात्याच्या सर्टिफिकेटाची खरी किंमत कागदात कमी आणि त्याच्यामागे उघडणाऱ्या दारात जास्त असते: सर्व्हिस मॅन्युअल, नवं फर्मवेअर, एखाद्या मॉडेलमध्ये सापडलेल्या दोषाची तांत्रिक सूचना, आणि अडलं तर कंपनीच्या तांत्रिक विभागाला फोन. हे दार स्वतंत्र मेकॅनिकला बंद असतं. सरळ मार्ग म्हणजे एखाद्या अधिकृत डीलरचा सर्व्हिस पार्टनर होणं. देवास, महू, उज्जैन, पीथमपूर या भागांत इंदूरच्या डीलरला स्वतःचा माणूस रोज पाठवणं परवडत नाही. तिथली कामं तुम्ही घेता, बदल्यात तुमच्या नावाने प्रशिक्षण द्या, अशी बोलणी करा आणि ती लेखी घ्या.

दुसरा मार्ग कुठल्याही कंपनीशी न बांधलेल्या शिक्षणाचा. कॉम्पटिया ए प्लस या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या सर्टिफिकेटाच्या अभ्यासक्रमात लेसर प्रिंटरची सगळी प्रक्रिया, त्याची देखभाल आणि नेटवर्क येतं. दोन पेपर, प्रत्येकी ९० मिनिटांचे आणि जास्तीत जास्त ९० प्रश्नांचे. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, मग नूतनीकरण. फी भरण्याआधी सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीचा नेटवर्किंग बेसिक्स हा ऑनलाइन कोर्स फुकट करून पाहा. तो जड गेला तर ए प्लसची घाई नको.

आणि मशीनांची कुटुंबं कमी करा. दहा कंपन्यांची सगळी मॉडेलं घेण्यापेक्षा दोन-तीन मालिका निवडा, त्यांची मॅन्युअल आणि पार्ट्स कॅटलॉग पूर्ण वाचा, त्यांचेच पार्ट साठवा. रिकंडिशन मशीनच्या धंद्यात पैसा अडकतो तो चुकीच्या पार्टमध्ये, आणि पार्ट नंबर कॅटलॉगवरून पाहायची सवय लागली की ते बरंच थांबतं.

सर्टिफिकेट एकदा घेतलं की कायमचं चालतं का?
— एक वाचक, सुदामानगर

निर्मात्याचं सर्टिफिकेट मॉडेलचं किंवा मालिकेचं असतं. नवी मालिका आली की तिचा कोर्स नव्याने. पुष्कळदा फक्त बदललेल्या भागांचा छोटा कोर्स पुरतो. नोकरी बदलून दुसऱ्या कंपनीच्या डीलरकडे गेलात तर जुनं सर्टिफिकेट अर्जात उपयोगी पडेल, पण लॉगइन बंद होईल. म्हणून कोर्स करताना स्वतःच्या हाताने टिपणं काढा. मॅन्युअलच्या फायली उचलून नेणं कराराविरुद्ध असतं, पण स्वतःची समज कुणी काढून घेत नाही.

कंपनीच्या साइटवर रंगीत मशीन, फिनिशर (कॉपींना स्टेपल मारणारा जोडभाग), नेटवर्क, सिक्युरिटी असे पुष्कळ कोर्स दिसतात. आमची कामं जास्त करून पीथमपूरच्या कारखान्यांत आणि शहरातल्या ऑफिसांत असतात. आधी कुठला करू?
— एक सर्व्हिस इंजिनिअर, लोकमान्यनगर

नेटवर्क. ऑफिसातली तक्रार आता बहुतेक 'स्कॅन जात नाही' अशी असते, आणि त्यासाठी स्क्रूड्रायव्हर लागत नाही.

फोल्डरमध्ये स्कॅन जात नसेल तर क्रम असा ठेवा. मशीनवरून त्या कॉम्प्युटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पिंग होतो का, म्हणजे तिकडून उत्तर येतं का? राउटरने आयपी बदलून दिला असेल तर ॲड्रेस बुकमधला जुना पत्ता निरुपयोगी. अशा कॉम्प्युटरचा आयपी पक्का करून घ्या. मग युजरनेम आणि पासवर्ड: ऑफिसातल्या माणसाने विंडोजचा पासवर्ड बदलला आणि मशीनला सांगितलं नाही, हे सगळ्यांत जास्त घडतं. फोल्डरची परवानगी दोन ठिकाणी असते, शेअरिंगमध्ये आणि सिक्युरिटीमध्ये. दोन्हीकडे लिहायची मुभा हवी. फायरवॉलमध्ये ४४५ पोर्ट उघडा आहे का ते पाहा. विंडोजने नेटवर्कला 'पब्लिक' ठरवलं असेल तर शेअरिंग आपोआप बंद होतं.

एवढं करून अडलं तर एसएमबीची, म्हणजे विंडोजच्या फायली शेअर करण्याच्या पद्धतीची, आवृत्ती. जुनी मशीनं फक्त पहिली आवृत्ती बोलतात, आणि २०१७ च्या शरदातल्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये ती मुळात बसवलेलीच नसते. पुष्कळ जण कंट्रोल पॅनेलमधून ती चालू करून मोकळे होतात. तसं करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच आवृत्तीतल्या छिद्रातून. आधी मशीनचं फर्मवेअर नवं करून दुसरी किंवा तिसरी आवृत्ती मिळते का बघा. नसेल तर ईमेलने किंवा यूएसबीवर स्कॅन द्या. विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर प्रो आवृत्तीत एसएमबी सायनिंगही (प्रत्येक संदेशावर डिजिटल सही) सक्तीचं झालं आहे. काल चालणारं स्कॅन अपडेटनंतर बंद पडलं असेल तर हे आठवा.

जीमेलवरून स्कॅन पाठवायचा असेल तर खात्याचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही. खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, त्यातून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढा आणि तो मशीनमध्ये भरा. पोर्ट ५८७, स्टार्टटीएलएस (जोडणी सुरक्षित करणारी सेटिंग) चालू. मशीनची तारीख आणि वेळ बरोबर असू द्या. बॅटरी संपून तारीख मागे गेली की सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र अमान्य ठरतं आणि एरर मात्र 'सर्व्हर सापडला नाही' अशासारखा येतो.

कारखान्यात आणखी एक गोष्ट पाळा. तिथल्या आयटी विभागाला विचारल्याशिवाय कुठलंही पोर्ट उघडू नका, कुठलाही पासवर्ड वहीत लिहून नेऊ नका. प्रिंटसाठी ९१००, आयपीपी या प्रिंटच्या दुसऱ्या पद्धतीसाठी ६३१, कॉपींचा मीटर वाचायला १६१, असे आपल्याला काय हवंय ते आकड्यांत लिहून द्या. नेटवर्कचा कोर्स केलेला इंजिनिअर तिथे ओळखू येतो तो याच बोलण्यावरून. फिनिशरचा कोर्स तुमच्याकडे फिनिशरवाली मशीनं असतील तेव्हाच करा.

कोर्स सगळे इंग्रजीत. माझं शिक्षण आधी मराठीत, मग हिंदीत झालं. पुढे जाता येईल का?
— एक वाचक, देवास

येईल. कॉपियरच्या इंग्रजीत शब्द थोडे आणि तेच तेच असतात, आणि पार्टची नावं तर आपण इंग्रजीच वापरतो. अडतं ते वाक्यांत. व्हिडिओला सबटायटल लावा, वेग पाऊणपट करा, प्रत्येक प्रक्रिया थांबवून आपल्या भाषेत चार ओळींत लिहा. मशीनचं चित्र काढून त्यावर बाण मारलेत तर आणखी बरं.

परीक्षेत मात्र दोन शब्दांवर बोट ठेवून वाचा: 'नॉट' आणि 'फर्स्ट'. चारही पर्याय बरोबर वाटतात आणि प्रश्न विचारत असतो की आधी काय कराल. तिथे उत्तर जवळपास नेहमी सगळ्यांत स्वस्त आणि सुरक्षित तपासणीचं असतं: कागद बघा, केबल बघा, सेन्सरवर धूळ आहे का बघा. बोर्ड बदला हे पहिलं उत्तर क्वचितच असतं.

माझी छोटी डीलरशिप आहे, पाच इंजिनिअर. त्यांना कोर्ससाठी दिवसाचे दोन तास दिले तर कॉल मागे पडतात. आणि सर्टिफिकेट मिळालं की ते मोठ्या कंपनीत जातात. मग मी पैसे का घालावेत?
— एक डीलर, इंदूर

तुमची भीती खोटी नाही. पण हिशेबात पुन्हा गेलेल्या फेऱ्या धरा. तुमच्या कॉल रजिस्टरमध्ये एकाच मशीनवर, एकाच तक्रारीसाठी, ३० दिवसांच्या आत दुसऱ्यांदा गेलेले कॉल लाल शाईने खुणा करून मोजा, इंजिनिअरनुसार आणि मॉडेलनुसार वेगवेगळे. प्रत्येक लाल कॉल म्हणजे पेट्रोल, अर्धा दिवस आणि कधी कधी विनाकारण बदललेला ड्रम. एफएसएमए करारात (पार्टसकट सगळी देखभाल डीलरकडे) तर ड्रम तुमच्याच खिशातला. कोर्सआधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने ताडून पाहा. उत्तर तुमच्याच रजिस्टरमधून मिळेल.

सगळ्यांना एकदम बसवू नका. ज्या मॉडेलचे लाल कॉल जास्त, त्याचा कोर्स आधी, आणि दोघांनाच. सकाळी साडेनऊ ते अकरा ऑफिसात बसून करू द्या, कारण ग्राहकांचे फोन बहुधा त्यानंतर सुरू होतात. रात्री घरी मोबाइलवर करायला सांगितलं तर ते पुढे-पुढे क्लिक करणारच. कोर्स संपला की त्या दोघांनी बाकीच्या तिघांना वर्कशॉपमधल्या मशीनवर एक तास शिकवायचं. शिकवताना जे अडेल ते त्यांना आलेलं नाही, एवढं समजून पुन्हा पाहायला लावा.

माणूस टिकवायचा बॉण्डने प्रयत्न करण्यापेक्षा सर्टिफिकेटाबरोबर पगार वाढवा, थोडा का होईना, आणि त्याच महिन्यात. शिकलेल्या माणसाला जुन्याच पगारावर जुन्याच कॉलना पाठवलं तर तो जाणार, आणि त्याने जावं हेच त्याच्या हिताचं आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे मेच्या शेवटी, कोर्समधला कागदाचा भाग सगळ्यांकडून पुन्हा करून घ्या. जून ते सप्टेंबर रिम उघडी राहिली की कागद ओल धरतो, मग जॅम, सुरकुत्या आणि फिकं ट्रान्सफर. त्यातल्या कित्येक कॉलना पार्ट लागतच नाही, कोरडी रिम लागते.

माझं फोटोकॉपीचं दुकान आहे, मशीन एएमसीवर (वार्षिक देखभाल करारावर) आहे. येणारा इंजिनिअर खरंच प्रशिक्षित आहे का, हे आम्हा ग्राहकांना कसं कळावं?
— एक दुकानदार ताई, विद्यापीठ परिसर

ताई, आधी सरळ विचारा: या मॉडेलचा कोर्स केला आहे का, आणि कधी? भिंतीवरच्या फ्रेमपेक्षा या उत्तरातून जास्त कळतं. मग त्याचं काम बघा. प्रशिक्षित माणूस मशीन उघडण्याआधी काउंटर आणि एररचा इतिहास काढतो, तुमच्याकडून एक खराब कॉपी मागून घेतो. ड्रम बाहेर काढला की काळ्या कागदाने किंवा कापडाने झाकतो, कारण उजेडाने ड्रम खराब होतो. सांडलेला टोनर घरातल्या व्हॅक्यूमने ओढत नाही. ती पूड इतकी बारीक असते की साध्या फिल्टरमधून पुन्हा हवेत येते. कपड्यावर सांडला तर झटकून गार पाण्याने धुवायला सांगतो, गरम पाण्याने टोनर पक्का बसतो.

मशीनजवळ एक वही ठेवा. प्रत्येक भेटीला तारीख, काउंटरचा आकडा, तक्रार, काय केलं, कुठला पार्ट बदलला आणि त्याची सही. ड्रम बदलला असं लिहिलं असेल तर जुना ड्रम तुमच्यासमोर पिशवीत घालून ठेवायला सांगा, आणि पार्टचा काउंटर शून्य झाल्याचा रिपोर्ट छापून वहीत चिकटवायला लावा. काउंटर शून्य झाला पण जुना पार्ट दाखवत नाही, तर पार्ट न बदलता आकडा फिरवलेला असू शकतो. पुढच्या वेळी तो ड्रम किती कॉपींनंतर गेला, हे या वहीतल्या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून निघेल. एएमसीचं नूतनीकरण करताना ती वही डीलरसमोर उघडून बसा.